आधी कंपनी, मग मॉडेल

बुधवार, १२ मार्च, सकाळचे दहा वाजून पाच मिनिटे. डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही सात जण बसलो होतो. माझ्या शेजारी शिलाई यंत्रांच्या सुट्या भागांचे एक दुकानदार होते आणि त्यांच्यासोबत त्यांची सून.

“सूनबाई, दुकान विकायचा व्यवहार परवा मोडला मी.”

“खरंच, बाबा? बोलला नाहीत ते!”

“आता डोळ्यांत थेंब घातलेत, तुझं तोंड नीट दिसत नाही, म्हणून बोलतोय. एरवी जमलं नसतं.”

“काहीतरीच तुमचं!”

“वेबसाइटवर तीनशे भागांची तीनशे पानं केलीस आणि मी हट्टानं प्रत्येक पानावर दुकानाची तीच टिमकी वाजवली.”

“मग नेटवर शोधणाऱ्याला आपलं एकही पान दिसेना. सगळी एकसारखीच, म्हणून शोधात ती गाळली जायची ना!”

“तू सांगत होतीस. मी म्हटलं, कालची पोर.”

“‘शहाणी आलीस मोठी,’ असं म्हणालात.”

“तेही म्हटलं असेन. पण तू न रागावता विचारलंस, गिऱ्हाईक आलं की आधी काय विचारता?”

“तुम्ही म्हणालात, आधी कंपनी, मग मॉडेल, मग भाग.”

“तशीच पानं लावलीस. एकावरून दुसऱ्यावर जायची वाट केलीस.”

“आणि कुठला भाग आणखी कुठल्या यंत्राला बसतो, ते तुम्ही सांगितलंत. मी नुसतं प्रत्येक पानावर लिहून त्या यंत्राच्या पानाशी जोडलं.”

“नुसतं म्हणे! दुकान राखलंस माझं, पोरी.”

“बाबा, थेंब पुसू नका, डॉक्टर रागावतील.”

“थेंब कुठले! ते जाऊ दे. गेल्या महिन्यात नेटवर शोधून किती गिऱ्हाइकं आली?”

“दोनशे चौदा. आधी तीन यायची.”