दगडी अस्वलाची सावड

…नाही पण मला सांगा, अस्वल बोलवायचं बटण समोर असल्यावर माणूस ते दाबणार नाही तर काय करणार? एकदा दाबलं, अस्वल आलं. पुन्हा दाबलं, दुसरं आलं. मी काही मोजत बसलो नव्हतो, पण नंतर सगळ्यांनी मोजून सांगितलं की चाळीस, आणि मग कुठल्या कुठल्या गावची साठ पोरं हातात तलवारी घेऊन मला धबधब्याच्या मागं शोधत फिरली, आणि आता घरात बायको धड बोलत नाही, आणि मला अजून एवढंच कळलेलं नाही की ह्यात मी कुठं आलो?

तुम्हाला सांगतो, मी साधा माणूस. लोहगडवाडीत गडाच्या पायऱ्यांच्या तोंडाशी पिठलं-भाकरीचं दुकान, मागं पाहुण्यांना द्यायला दोन खोल्या, खाली चार खाचरं भात. आता गडाबद्दल मी पाहुण्यांना थोडं वाढवून सांगतो, हे कबूल. गडाच्या विंचूकाटा माचीवर धुक्यात चुकलेली बावीस माणसं मी एकट्यानं छत्रीच्या खुणेवर खाली आणली असं सांगतो. बावीस नव्हती, दोन होती, आणि त्यातला एक मीच होतो. पण त्यानं कुणाचं काही बिघडलं का?

तर आमची भाची, अनघा. कामशेतच्या बहिणीची मुलगी. पुण्याच्या एका कंपनीत गेम बनवते. कामशेतला त्यांच्या घराखालीच भाताची गिरणी, दिवसभर धडधड, मीटिंगमध्ये हिचा आवाज कमी आणि गिरणीचा जास्त, म्हणून जुलैत आमच्या मागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन आली. आली ती तोंड पाडूनच. म्हटलं, काय ग, काय झालं?

"मामा, माझा समनर काढून टाकणार आहेत."

आमच्या हिनं, रंजनानं, पिठाचे हात तसेच ठेवून विचारलं, "कुटं कामाला होता गं तो?"

मग अर्धा तास ती आम्हाला समजावत होती, आणि मला समजलं ते असं… म्हणजे समजलं असं वाटलं… की ह्या गेममध्ये हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच वेळी खेळतात. कुणी तलवार घेतो, कुणी धनुष्य. समनर स्वतः काहीच घेत नाही. तो जनावरं बोलावतो, जनावरं त्याच्यासाठी लढतात. अनघानं दोन वर्षं हाच एक समनर घडवला, त्याची दगडी अस्वलं घडवली, आणि आता सगळ्यांची तक्रार की अस्वल लढतं आणि हा उभा राहून बघतो. अस्वल दांडगं केलं तर बाकीचे चिडतात, याला फुकटचं मिळतं म्हणून. अस्वल मऊ केलं तर कुणी बोलावतच नाही. आणि प्रत्येक अस्वल हातानं हाकायला लावलं तर खेळणाऱ्याची बोटं सुजतात. मी म्हटलं, बरोबर आहे. काय बरोबर ते मला माहीत नव्हतं. पण पाहुण्यांशी बोलून बोलून सवय झालीय.

तिचा साहेब सुहास. कानाला लावलेल्या यंत्रातून त्याचा आवाज बाहेरपर्यंत यायचा, "अनघा, बघ, बॅलन्सचा प्रॉब्लेम आहे. सगळं फुकट आहे ना तुझ्याकडे. काहीतरी किंमत लाव. शुक्रवारी डेमो आहे, मोठे लोक बसणार आहेत, नाही जमलं तर समनर बंद, आणि सोमवारपासून तू टोप्यांवर ये." टोप्या म्हणजे गेममधल्या दुकानात विकायच्या टोप्या. दोन वर्षं अस्वलं घडवलेली पोरगी, आणि तिनं गोंड्याची टोपी काढत बसायचं?

पण मला सांगा, ह्यात मी कुठं आलो?

आलो तो असा. मी भाकरी उलटत होतो. ती म्हणाली, "किंमत म्हणून सगळे एक निळी पट्टी लावतात मामा. जनावर बोलावलं की पट्टी कमी होते. थोडं थांबलं की आपोआप भरते."

"आपोआप?"

"हो."

"मग ती किंमत कसली ग? लावणीला मी चार घरं बोलावतो ती काय निळ्या पट्टीवर येतात का? आज ती माझ्या खाचरात, उद्या मी त्यांच्या. सावड असते. अस्वल तुझ्या गड्यासाठी लढायला आलं ना, मग अस्वलाकडं काम निघालं की तुझा गडी गेला पाहिजे."

बोललो आणि विसरलो. भाकरी करपत होती. माणूस भाकरी उलटताना बोलतो त्याला काय अर्थ असतो? पण ही जागची हलेना.

"मामा, परत बोला."

तुम्हाला सांगतो, आजवर लोक मला 'पुरे' म्हणत आलेत. परत बोला असं कुणी म्हणालं नव्हतं. म्हणून परत बोललो, थोडं वाढवून.

मग ती विचारते, कोण आलं, कोण नाही आलं, हे लक्षात कोण ठेवतं? म्हटलं, भागुबाई. वरच्या आळीची. कुठं लिहीत नाही, काही नाही, पण कोणत्या सालात कोण कुणाच्या खाचरात उतरलं, कोण जेवायच्या वेळेला उगवलं, सगळं तोंडपाठ. माझ्यावर तर तिचा विशेष लोभ. "सखारामची कंबर," चारचौघांत सांगते, "पंधरा वर्सं बगतीया, लावणी सोडून कधी दुखली न्हाई." आता दुखते त्याला मी काय करू? माझ्या वाटचं रंजना जाते ना?

अनघा दोन संध्याकाळी भागुबाईच्या ओट्यावर जाऊन बसली. भागुबाईनं आधी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अस्वल भात लावतंय व्हय?"

"नाही मावशी, दगडी आहे ते. त्याला गुहा बांधायची असते."

"मंग दगडं उचलाय मानसं लागत्याली की."

"हो ना."

"आन् त्यास्नी जेवाण?"

दोन वर्षांत जेवणाचं अनघाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून गेममध्ये अस्वलाला जेवू घातल्याशिवाय ते हात उचलेना.

गुरुवारी सकाळी चाचणी. साठ पोरं आपापल्या घरून खेळणार, आणि एक मी. नवख्या माणसाला जमतंय का ते तिला बघायचं होतं. "मामा, एकच अस्वल बोलवा हं. जास्त नको." समोर दलदलीत हा एवढा बेडूक, आपल्या दुकानाएवढा… बरं, दुकानाहून थोडा लहान. बाकीची पोरं दोन-तीन अस्वलं घेऊन त्याच्याभोवती नाचत होती. मी बटण दाबलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू. हाक मारली आणि आयुष्यात पहिल्यांदा लगेच कुणीतरी आलं. मग दाबतच गेलो. बेडूक नऊ सेकंदात सपाट. अनघा म्हणते चार मिनिटं लागली, पण ती घड्याळ बघत होती, मी बेडूक बघत होतो. पोरांनी लिहिलं, सखाराम भारी. मला कुणी भारी म्हटलं, ह्यात मी कुठं आलो?

दुपारी पहिलं अस्वल परत आलं. माझ्यासमोर उभं राहिलं आणि म्हणालं, "उद्या आमच्याकडं दगडं हायती. यायचं." खाली दोन बटणं. एकावर 'येतो'. दुसऱ्यावर 'कंबर दुखते'. हे बटण पोरीनं कुणाच्या सांगण्यावरून घातलं ते मी विचारलं नाही. सवयीनं दुसरं दाबलं. मग दुसरं अस्वल आलं, तिसरं आलं, मी दाबत गेलो… चाळीस वेळा.

आणि अस्वलं गेली. नुसती माझी नाही, सगळ्यांचीच. भर लढाईत एका पोरानं अस्वल बोलावलं तर ते लांब उभं राहून म्हणतं, "तुमच्यातल्या एकाकडं चाळीस दिस ऱ्हायल्यात. त्यो येऊ द्या, मंग बगू." मी अनघाला विचारलं, हे तू लिहिलंस? ती म्हणाली, "मी एवढंच लिहिलं होतं मामा, की अस्वलं एकमेकांना सांगतात." मग मी धबधब्याच्या मागं जाऊन बसलो. गेममध्ये. आणि खरं सांगायचं तर इथं पण दुकानाच्या मागंच बसलो.

शुक्रवारी डेमो. स्क्रीनवर सुहास, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन जाडजूड साहेब. आणि गेममध्ये एकही माणूस लढत नाही. निम्मी पोरं अस्वलांचा राग जावा म्हणून दगडं वाहतायत, काही जण चुलीवर जेवण करतायत, आणि उरलेली, अस्वलं नाहीत म्हणून हातात तलवारी घेऊन, धबधब्याकडं निघालीत. सुहास म्हणाला, "अनघा, हे काय चाललंय? बेडूक कुठंय?"

पोरगी माझ्याकडं न बघता, ओठ न हलवता म्हणाली, "मामा, बाहेर या. नाहीतर मी टोप्यांवर गेले."

आता तुम्ही सांगा, काय करणार? पंधरा वर्षांत कुणाच्या सावडीला न गेलेला माणूस मी. आलो धबधब्यातून बाहेर. अस्वलानं वरपासून खालपर्यंत बघितलं. "आलास व्हय," म्हणालं. मी 'येतो' दाबलं आणि एक दगड उचलला. साठच्या साठ पोरांनी काय काय लिहिलं ते मी वाचलं नाही.

एका साहेबानं स्क्रीनजवळ वाकून विचारलं, "ही मुलं कधीपासून खेळतायत?"

"काल सकाळपासून, सर."

"आणि मध्ये किती गेली?"

"एकही नाही. यांना शोधत होती ना."

मग ते इंग्रजीत बरंच बोलले, मला 'ओके' एवढं कळलं. समनर राहिला. टोप्या दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडल्या. पोरगी येऊन गळ्यात पडली, रडली, मीही थोडा… धूर होता चुलीचा.

इथं संपलं असतं तर बरं होतं. म्हटलं, अनघा, आता माझे ते चाळीस दिवस पुसून टाक. तर म्हणते, "नाही मामा, तुमच्यासाठी पुसले तर उद्या अस्वलांवर विश्वास कोण ठेवणार?" म्हणजे रोज दहा ते बारा मी मोबाईल घेऊन दगडं वाहतो. पोरं बाजूला उभी राहून बघतात. एकानं तर काल विचारलं, काका, उजव्या बाजूचं अस्वल तुमच्या ओळखीचं आहे का, त्याची नजर तुमच्यावरून हलत नाही. काय सांगणार?

आणि परवा आमच्याच खाचरात लावणी. सगळी वाडी उतरलेली, रंजना गुडघाभर चिखलात, आणि दहा वाजले. मी बांधावर, छत्रीखाली, दगड उचलतोय. भागुबाईनं रोपांची मूठ हातात धरून इकडं तिकडं बघितलं.

"रंजे, आज तुमच्याच रानात हाय, आन् तुजा मालक कुटं?"

रंजनानं वर बघितलं पण नाही. "सावडीला गेल्यात."

"कुनाच्या?"

"अस्वलाच्या."

भागुबाईनं मूठ चिखलात रोवली आणि म्हणाली, "असूंदे. जातूय तरी कुटंतरी."