शमुवेलदादाची आवणी

पाळकसाहेब, मार्थावहिनी, आणे गावचं पावणं, जुन्नरची मंडळी, सगळ्यांना रामराम. तुमच्या चर्चमदी मी पयल्यांदाच उभा हाय. शमुवेलदादा गेला, हे तोंडानं म्हणवत न्हाई राव. पण तो समोर असता तर म्हणला असता, "धोंडू, रडकं तोंड करू नगं, फोटो खराब येतो." म्हणून हसत बोलतो.

मी आहुपे गावचा धोंडू. माझा थोरला भाऊ नामा आन दादा एकाच पलटणीत. एकाहत्तरच्या लढाईत दादाच्या मांडीत गोळी घुसली. नामानं त्याला पाठीवर घेऊन आडोशाला आणलं. मग दुसऱ्या एकाला आणाया माघारी गेला. तो काय परत आला न्हाई.

फुडच्या पावसाळ्यात एक माणूस लंगडत आमच्या दारात. आईच्या पाया पडला आन म्हणला, "आई, नामा आवणीला घरी यायचा ना? मी आलोय." आवणी म्हंजी भाताची लावणी. आता तुमीच सांगा, आण्याच्या पठारावरचा गडी! बाजरी ठावं, मटकी ठावं. गुडघाभर चिखलात भात लावणं त्याच्या बापजाद्यानं तरी बघितलं व्हतं का? पयल्याच दिशी खाचरात उताणा पडला. आन त्यानं लावलेल्या रोपांची वळ? आमची चुलती म्हणली, "पावणं, ही वळ हाय का बैल मुतत गेलाय?" पाळकसाहेब, माफी करा, ती म्हणली तसंच सांगतोय. सगळ्यांत जास्त दादाच हसला.

तरी दर साली आला. नोकरीत व्हता तवा सुट्टी काढून, पेन्शनीत आल्यावर यष्टी बदलत बदलत. सकाळी चिखलात उतरायच्या आदी डोळं मिटायचा, प्रार्थना करायचा, नामाचं नाव घ्यायचा. आई म्हणायची, "माज्या गुडघ्याचं बी सांग तुज्या देवाला."

एकदा मी म्हणलं, "दादा, किती वर्सं फेडशील? बास की आता." बांधावर बसून चा पीत व्हता. म्हणला, "येड्या, फेडाया कोण आलंय? येशूनं आपल्यासाठी जीव दिला, हे ल्हानपणापासनं ऐकत व्हतो. कळलं मातुर नामाच्या पाठीवर. असं मिळालेलं फिटत नसतं. ते घ्यायचं आन मजेत जगायचं. मी तर बाबा जेवाया येतो, तुजी आई नाचणीची भाकरी लई झ्याक करती."

परवा दादा गेल्याचा फोन आला. आवणी तोंडावर. मला एकच भ्या, आईला कसं सांगू? एक ल्योक लढाईनं नेला, आन आता ह्यो बी. म्हातारीचं काळीज टिकंल का? मी टाळत ऱ्हायलो. ती आपली ईचारायची, "शमुवेल कोणत्या यष्टीनं येतोय?" शेवटी सांगितलं. रडली. लई रडली. मग पदरानं डोळं पुसलं आन म्हणली, "धोंडू, जुन्नरला जा. त्याच्या बायकोला सांग, तिकडं वर माजा नामा इतकी वर्सं एकलाच व्हता. आता त्याच्या सोबतीला घरचं माणूस गेलं."

मार्थावहिनी, आईचा निरोप एवढाच.

मंडळी, जरा उभं ऱ्हावा. थोडा येळ गप ऱ्हाऊ, दोघांसाठी. दादा, नामाला आमचा रामराम सांग.