मूठ शेवटी बसवायची असते

...आणि वर तो स्पेअरपार्टवाला काय म्हणाला सांगू? सुटे पैसे हातावर टेकवावेत तितक्या सहज म्हणाला, "काका, त्यात काय एवढं? चार तर बोल्ट आहेत!" अहो, चार आहेत हे खरंच आहे, मी स्वतः मोजलेत, तो खोटं बोलला असं माझं म्हणणंच नाही. पण त्या चार बोल्टांच्या अलीकडे काय काय आहे, हे सांगताना त्याची जीभ का हो जड झाली?

पण थांबा, मी मधूनच सुरू झालो. पहिल्यापासून सांगतो.

आमची मोटारसायकल वयाने सोळा वर्षांची. मुलगा कॉलेजात होता तेव्हा त्याने हौसेने तिचं मूळचं हँडल काढून टाकलं आणि शर्यतीच्या गाड्यांना असतं तसलं ठेंगणं, पुढे ओणवं झालेलं हँडल बसवलं. पुढे मुलगा नोकरीसाठी दूर गेला, हँडल मात्र आमच्याकडेच राहिलं. तेव्हापासून, तुम्हाला सांगतो, मी गाडीवर बसत नाही, साष्टांग नमस्कार घालतो! भाजीला निघालो, साष्टांग. बँकेत निघालो, साष्टांग. सिग्नलला उभा राहिलो की पुढच्या टेम्पोवाल्याला वाटावं, हे गृहस्थ आपल्याच पाया पडतायत! देवापुढे मी कधी इतका वाकलो नसेन... आणि खोटं कशाला बोलू, वाकायला हवं होतं.

व्हायचं तेच झालं, उजवा खांदा धरला. पूजेला बसलो की घंटा वर जाईना. गेल्या बुधवारी डॉक्टरांनी हात वर केला, खाली केला, मागे नेला, मी देवाचं नाव घेतलं, आणि ते म्हणाले, "आजोबा, एक तर हँडल उंच करा, नाही तर गाडी सोडा." आता वाक्य एकच, पण ऐकणारी माणसं दोन! मी पहिलं अर्धं ऐकलं आणि आमच्या हिने दुसरं अर्धं. घरी पोचून चप्पल काढतोय तोवर हिचा जावयांना फोन, "रविवारी या आणि गाडी घेऊन जा बाई एकदाची... अहो, बाई म्हणजे तुम्हाला नव्हे, आपली बोलायची सवय! यांचा खांदा पार गेलाय."

तुम्ही म्हणाल, द्यावी की, या वयात बसने फिरावं. मीही इतरांना हेच सांगतो. मोह सोडावा, वस्तूत जीव गुंतवू नये, रोज सकाळी पोथीपुढे बसून हेच तर वाचतो! पण मंडळी, गोष्ट गाडीची नाही. घरात आम्ही दोघं. मी पोथीत, ही टीव्हीत. दिवसभराचं बोलणं किती? "चहा ठेवलाय." "हं." "गोळी घेतली?" "हं." संपला संवाद! पण संध्याकाळी ही गाडीवर मागे बसली, की घर ते देऊळ, देऊळ ते बाजार, बाजार ते घर, मिळून बत्तीस मिनिटं ही बोलते. बहिणीचं बोलते, लेकाचं बोलते, चाळीस वर्षांपूर्वी माझ्या आत्याने हिला काय म्हटलं होतं ते बोलते. आमचा संसार त्या बत्तीस मिनिटांत चालतो हो. आता हे हिला तोंडावर सांगायची माझी काय बिशाद!

तेव्हा रविवारच्या आत हँडल उंच होणं भाग होतं. शोरूमला फोन केला. पलीकडची मुलगी अशी गोड बोलली, की जणू आरतीच म्हणतेय. "सर, मंगळवारी सकाळी गाडी सोडा, गुरुवारी संध्याकाळी घेऊन जा." म्हटलं, "बाळ, रविवारी गाडीच जाणार आहे, मंगळवारी काय मी तिची आठवण सोडू?" "सर, सिस्टीममध्ये मंगळवारच दाखवतंय." आणि मजुरीचा आकडा? हँडलाच्या किमतीपेक्षा मोठा! मी फोन ठेवला, चालत स्पेअरपार्टवाल्याकडे गेलो, उंच हँडल घेतलं, नवीन मुठी घेतल्या, मुठी चिकटवायचा गोंद घेतला, आणि तिथे तो मंत्र माझ्या कानात पडला. "काका, चार तर बोल्ट आहेत!"

घरी आलो तर समोरचे टेलर कपाळावर चष्मा चढवून हजर. "काय, शोरूमला देताय? छे छे! चार तर बोल्ट आहेत!" स्वतः हे गृहस्थ सायकलची हवासुद्धा दुकानात भरून घेतात. रात्री मुलाचा फोन, "बाबा, मी नव्हतं का बसवलं? चार तर बोल्ट आहेत!" आता तीन तोंडांतून तेच वचन आलं म्हटल्यावर माझ्यासारख्या श्रद्धाळू माणसाने काय करावं? श्रद्धा ठेवली!

शुक्रवारी स्नान, पूजा आटोपून अंगणात स्टूल टाकलं. आता माझी एक पद्धत आहे. मी काही लिहून ठेवत नाही, पाठ करतो. अहो, अध्यायच्या अध्याय पाठ आहेत माझे, तिथे मोटारसायकलच्या हँडलाचं काय? टेलर म्हणाले, "मोबाइलवर फोटो काढून ठेवा एकेक भाग उघडताना." म्हटलं, "फोटो हवा कशाला, मी ओवी करतो!" आणि केली! उजवीकडचं आधीच सोडवून ठेवलं होतं, आता डावीकडून एकेक वस्तू निघत गेली तशी रचत गेलो. ऐका:

प्रथम काढावी मूठ । मग बटणांची पेटी नीट ।
क्लचचं कडं घट्ट । हळूच ओढावं ॥
मग वरचे चार बोल्ट । फिरवावे उलट ।
हँडल येईल झटपट । हातामाजी ॥

आणि आलं की हो! जसंच्या तसं, झटपट, हातामाजी! मी खिडकीकडे पाहून म्हटलं, "पाहिलंस का?" ही भाजी निवडत म्हणाली, "निघालं खरं. बसेल तेव्हा पाहीन."

मग नवीन हँडल मांडीवर घेतलं, डोळे मिटले आणि म्हणायला सुरुवात केली. प्रथम काढावी मूठ. म्हणजे आता प्रथम बसवावी मूठ! गोंद लावला, चांगला सढळ हाताने लावला, मूठ सरकवली, दाबून धरली, आणि ती अशी बसली, अशी बसली, की ध्रुवबाळाने तिच्याकडून शिकावं! मग बटणांची पेटी, ती दोन अर्धी मिटून स्क्रूने आवळायची, तीही बसली. मग क्लचचं कडं...

मंडळी, क्लचचा दांडा धरून ठेवणारं हे कडं म्हणजे गोल. अखंड गोल! बांगडीसारखं! ते हँडलाच्या टोकावरूनच आत सरकवायचं असतं, आणि टोकाला कोण बसलंय? मूठ! मूठ ओढली, हलेना. पिळली, हलेना. गरम पाणी ओतलं, मला भाजलं, मूठ हलेना! मग बुद्धी सुचली, की दुसरं टोक मोकळं आहे, तिकडून सरकवू. सरकवलं, आणि हँडलाच्या पहिल्याच वाकणावर ते कडं असं अडकलं, की ना पुढे ना मागे!

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, उघडताना जी पहिली, ती बसवताना शेवटची! सगळं उलटं म्हणायचं होतं! आणि मंडळी, मला ओवी उलटी येत नाही. जन्मभर पाठांतर केलं, पण सुरुवातीपासून. मधून कुणी थांबवलं तर मी पुन्हा पहिल्या शब्दापासून धरतो. तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा तोंडातून "प्रथम काढावी मूठ"च! टेलर कुंपणावरून बघत होते. त्यांनी नुसती चार बोटं वर केली.

शनिवारी उंच हँडल कसंबसं त्या चार बोल्टांवर आवळलं, लोंबणाऱ्या तारा सुतळीने बांधल्या आणि गाडी ढकलत शोरूमकडे निघालो. शेजारून ही, हातात पिशवी, पिशवीत उरलेले भाग. म्हटलं, तू कशाला येतेस? तर म्हणाली, "जावयांना द्यायची तर अख्खी द्यायला नको?"

शोरूममध्ये काचेमागे तीच गोड मुलगी. "सर, तुमचं मंगळवारचं आहे." म्हटलं, "बाळ, माझा मंगळवार कालच झाला." तेवढ्यात मागून मिस्तरी आला, हात पुसत. गाडीकडे पाहिलं, वाकणावर अडकलेल्या कड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काका, मूठ आधी चिकटवली?"

"हो."

"का?"

आता काय सांगणार? ओवी म्हणून दाखवली! भर वर्कशॉपात, खांदा दुखत असताना, चालीवर! मिस्तरी शांतपणे ऐकत राहिला आणि म्हणाला, "काका, ओवी बरोबर आहे हो, दिशा चुकली. पुन्हा म्हणा बरं?" पुन्हा म्हटली. त्याने आपल्या माणसांना हाक मारली, "अरे, इकडे या, हे ऐका!" अडुसष्ट वर्षं जपलेला अहंकार, मंडळी, ग्रीसच्या डब्याशेजारी गळून पडला. मग त्याने ब्लेडने मूठ उभी चिरली, पेटी उघडली, कड्यावर तेलाचे दोन थेंब सोडले, जरासं फिरवलं, आणि ते शहाण्या बाळासारखं बाहेर आलं. आधी कडं, मग पेटी, शेवटी नवी मूठ, आणि तसंच उजवीकडचं. अर्ध्या तासात गाडी उभी! म्हटलं, "मजुरी?" म्हणाला, "मुठीचे द्या. बाकी राहू द्या. चार तर..."

"बोल्ट आहेत," मीच म्हणालो.

परत निघालो. ही मागे बसली. खांदा? कापसासारखा! पाठ सरळ, मान वर, समोर रस्ता दिसतो, आभाळ दिसतं. हिने मागून विचारलं, "दुखतंय?" म्हटलं, "नाही." मग म्हणाली, "उद्या जावयांना जेवायलाच बोलावते. गाडी राहू दे." मंडळी, माझे डोळे भरून आले, वाऱ्याने म्हणा हवं तर.

जावई आले, जेवले, रिकाम्या हाताने गेले. गाडी राहिली. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. पूर्वी मी ओणवा असायचो, त्यामुळे हिचं निम्मं बोलणं माझ्या पाठीवरून वाऱ्यावर जायचं, निम्म्याला मी "हं" म्हणायचो आणि संसार सुखाचा चालला होता. आता मी ताठ बसतो. माझा कान बरोब्बर हिच्या तोंडासमोर आला आहे. घर ते देऊळ, देऊळ ते बाजार, बाजार ते घर, बत्तीस मिनिटं, एक अक्षर वाया जात नाही... आणि रोज, घराच्या वळणावर, डाव्या कानात अगदी स्पष्ट,

"अहो, चार तर बोल्ट होते!"