भाजलं ते हाताला कळलं नाही

आमचं मूळ कुठलं म्हणून विचाराल तर तंजावरच्या राजांच्या वेळेस आलेले लोक आम्ही, घोड्यावर बसून आलों म्हणून आमचे आजे सांगायचे, पण आमच्या घरात पाच पिढ्या सगळे स्वयंपाकीच, तेव्हा मला वाटतं घोड्यांच्या मागून भांडी डोक्यावर घेऊन आलों असूं. माझं नाव व्यंकटराव, पण कुंभकोणात त्या नावानं कोण्ही हाक मारत नाही, सगळे रायर म्हणतात, म्हणजे आपलं राव, लग्न निघालं की रायरला बोलवा. घरात मराठी बोलतों, उंबरा ओलांडला की तमिळ. तुम्ही कॉलेजात शिकणारे, माझ्या बोलण्याचं हसूं येईल, येऊं द्या, आहे तसं लिहा.

आमच्या कामात, काय सांगूं तुम्हांला, सगळं बोटांत असतं. अधिरसम म्हणजे आपले अनारसेच, पण त्याला गुळाचा पाक लागतो, त्याचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळा करून बघायचा, गोळी मऊ लागली की पाक लगेच उतरवायचा, कडक लागली तर अख्खं पातेलं वाया. बापानं मला डोळे मिटायला लावून हे शिकवलं. धान्याचं राशन उठलं आणि लग्नांच्या पंगती पुन्हा मोठ्या झाल्या, तेव्हा हाताला उसंत नव्हती. बायको रुक्मा माझ्याबरोबर भाज्या चिरायला यायची. आणि आमची एकच मुलगी चंपा, तिचं लग्न तिरुक्करुगावूरच्या घरी ठरलं होतं, तै महिन्यात, पोंगल झाल्यावर, म्हणजे आपल्या संक्रांतीनंतर.

त्याआधी पाचेक महिने, तिरुविडैमरुदूरला एका लग्नात सकाळी पाक बघत होतों आणि चूल एकदम फिरली. चूल कशी फिरेल, मीच फिरत होतों. घाम आला, उजवा गाल, उजवा हात, उजवा पाय, सगळ्याला कोण्ही ओलं फडकं गुंडाळल्यासारखं झालं. पडूं नये म्हणून पातेल्याचा काठ धरून उभा राहिलों. मग भाजल्याचा वास आला, काय करपलं म्हणून मी तव्यावर बघतों, कढईत बघतों, तर माझाच तळवा. आणि दुखत नव्हता.

भाजलेला हात दुखला नाही तर आमच्याकडे माणसाला एकच आठवतं. आमच्यांत पूर्वी एक जण होता, नाव नको, त्याच्यासारखं रसम कोण्हाला जमलं नाही, त्याच्या हाताला असंच गरम कळेना झालं, मग पाठीवर चट्टा दिसला, त्याच दिवशी त्याला स्वयंपाकघरातून काढलं. काढणाऱ्यांत मीही होतों. पुढे तो तळ्याच्या पायऱ्यांवर बसायचा आणि मी पलीकडच्या रस्त्यानं जायचों. तेच आता मला आलं म्हणून धरून बसलों. महारोग्याच्या घरची मुलगी कोण करेल, तुम्हीच सांगा. म्हणून चंपाचं लग्न होईपर्यंत बोलायचं नाही असं ठरवलं.

संध्याकाळपर्यंत पाय ठीक झाला, गाल ठीक झाला, बोटं मात्र गेल्यासारखीच राहिली. रुक्माला सांगितलं, चक्कर आली, बाकी काही नाही. ती म्हणाली पित्त आहे, आणि आल्याचा रस दिला. वैद्यांनाही चक्करच सांगितली, त्यांनीही पित्ताचंच दिलं, त्यांचा काय दोष, मी अर्धंच सांगितलं होतं. रोज न्हाणीघरात दार लावून आरशात पाठ बघायचों, चट्टा शोधायचों, आणि टाचणीनं हात टोचून बघायचों, आज कळतंय का, आज कळतंय का. पाकाला डावा हात घालायला लागलों, तेही पाठ करून, कोण्ही बघूं नये म्हणून. दोनदा पाक कडक झाला. रुक्मा म्हणाली, म्हातारे झालांत की काय. मी म्हटलं गूळ वाईट आहे.

असे दोन महिने काढले. मग गोविंदपुरम्‌ला भजन होतं, तिथली पंगत आमच्याकडे. मी भात वाढत होतों, आणि पुन्हा जमीन फिरली, पळी हातातून सुटली, सुटलेली मला कळली नाही, आवाज झाला तेव्हा कळली. उजवा पाय मागे राहिला. आणि मी काय केलं, पळी डाव्या हातानं उचलली आणि वाढायला गेलों. सगळी पंगत पानावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. एका म्हाताऱ्यांनी पान नुसतं जरा मागे ओढलं.

रुक्मानं मला कोठीत नेलं, हात धरला आणि टाचणीच्या खुणा बघितल्या. हे काय. मी हळूच मराठीत सांगितलं, बाहेर कोण्हाला कळूं नये म्हणून, हा तो रोग आहे. तिनं हात सोडला नाही. मग म्हणाली, दोन महिने तुमच्या हातचं मी खाल्लंय, चंपानं खाल्लंय, तेव्हा आहे ते तिघांना आहे, आता उठा आणि गाडीत बसा.

स्टेशनाच्या रस्त्यावरच्या डॉक्टरांनी जीभ काढायला लावली, डोळे मिटून चालायला लावलं, टाचणी आणि कापूस दोन्ही बाजूंना लावून बघितला, दंडाला पट्टा बांधून प्रेशर बघितलं. मग विचारलं, हळूहळू आलं की एकदम. म्हटलं एकदम, चूल फिरली तेव्हाच. ते म्हणाले, मग हा तो रोग नाही, तो चट्ट्याचट्ट्यानं येतो, महिने घेतो, असं एका क्षणात अर्धं अंग धरत नाही. कानाचं दुखणं असतं तर नुसतं गरगरलं असतं, मानेची शीर आवळली असती तर नुसता हात बधिर झाला असता. पण एकाच बाजूचा गाल, हात, पाय, त्यात चक्कर, आणि एकदम, म्हणजे हे डोक्यातलं, प्रेशर फार आहे, मेंदूत रक्त पोचायला अडलंय.

मला आनंद झाला. खरंच झाला, हेही लिहा. मी हात जोडले, उजवा नीट जुळला नाही. डॉक्टर रागावले, रायर, हसतां काय, हे जास्त वाईट आहे, पहिल्याच दिवशी, त्याच तासाला यायचं होतं, गेलं ते मी आणून देऊं शकत नाही. आणि तो रोग असता तरी आता त्यालाही गोळ्या आहेत, तोही लपवायचा नाही. मला तो तळ्यावरचा माणूस आठवला. पुढे मी पायऱ्यांवर गेलों होतों, तो तिथं नव्हता, कुठं गेला कोण्हाला माहीत नाही.

गोविंदपुरम्‌ची गोष्ट तिरुक्करुगावूरला आधीच पोचली होती. रुक्मा डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन स्वतः गेली, काही लपवलं नाही. व्याही आमच्याकडे आले, म्हणाले रायर, तुमच्या हातचं पाणी द्या, आणि माझ्या ह्याच हातातून लोटा घेऊन प्याले. बरोबर आलेल्या विहीणबाईंनी मात्र अधिरसम न खाता पानाच्या कडेला सारून ठेवलं. लग्न झालं.

आता मी चुलीपाशी पाटावर बसतों, पाक रुक्मा बघते. मऊ आहे का, मी विचारतों, ती म्हणते आहे, थांबा जरा. मला बिनमिठाचा भात, पाच पिढ्यांच्या स्वयंपाक्याला बिनमिठाचा भात, बरं, तेही खातों. चंपाला सातवा महिना आहे, गर्भरक्षांबिकेच्या देवळासमोरच तिचं घर, तेव्हा ती काळजी नाही. पण तिच्या प्रत्येक पत्रात एक ओळ असते, सासूबाई विचारतात, बाबांच्या हाताचं काय.

तेवढंच मनात येतं. बाळ झालं की माझ्याकडे देतील की नाही. दिलं तर उजव्या हाताला ते कळणार नाही, ऊन आहे की गार, निसटतंय की नाही, काही कळणार नाही. डाव्या हातावर घेईन म्हणतों. त्याला अजून सगळं कळतं. तुम्ही सुखी असा.