हाल्व्होरची काही तक्रार नाही

…आणि वर त्या पत्रात लिहितात काय, तर ‘अभिनंदन’. तुम्हाला सांगते, चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात अभिनंदनाचं पत्र वाचून हातपाय गार पडले ते याच वेळी. माझी तक्रार नाही हं, आमच्या घरात ती रीतच नाही. आई जाऊन अकरा वर्षं झाली, तरी माझ्या कपाळाला जराशी आठी पडली की स्वयंपाकघराच्या दारातून तिचा आवाज येतो, ‘सोल्वेग, लोकांचं याहून वाईट असतं.’ खरोखर येतो. चर्चच्या तळघरात आपण बायका बायकाच कॉफी पीत बसलो आहोत म्हणून सांगते, पाद्रीबुवांच्या कानावर घालू नका.

तर माझा धाकटा भाऊ हाल्व्होर. नऊ वर्षांपूर्वी छपरावरचं बर्फ ढकलायला चढला आणि बर्फाच्या आधी आपणच खाली आला. तेव्हापासून छातीखाली काही हलत नाही, हाताची बोटंही हलत नाहीत. सकाळी सहाला होदान येते, सोमालियाची आहे, मोठी शिस्तीची बाई. ती त्याला यंत्राच्या झोळीत घालून उचलते, आंघोळ घालते, कपडे चढवते, खुर्चीत बसवते. पुरे दोन तास. मग तो बंदराच्या कचेरीत जातो आणि कोणतं जहाज केव्हा पुलाखालून जाणार ते कानाला लावलेल्या फोनवरून लोकांना सांगतो. होदानचा पगार सरकारी आरोग्य योजना देते. कामावर परतलेल्या अपंगालाही ती योजना चालू राहते, फक्त वर्षातून एकदा योजनेच्या कचेरीला दोन गोष्टी पटवाव्या लागतात: एक, हा मनुष्य काम करतो, आणि दोन, हा मनुष्य मुळीच बरा झालेला नाही.

दुसरी गोष्ट आमच्या हाल्व्होरच्या तोंडून वदवायची? आमच्या?

मार्चमध्ये त्या योजनेच्या कचेरीतून फोन आला. पलीकडे कोणी तरणा, गोड गळ्याचा. ‘आज कसे आहात, सर?’ ‘ठीक. तक्रार नाही.’ ‘आंघोळीला मदत लागते?’ ‘निभावतं.’ ‘कपडे?’ ‘होतात.’ ‘चालता येतं?’ आणि नऊ वर्षं ज्यानं जमिनीला पाय लावला नाही तो माझा भाऊ म्हणतो, ‘फारसं नाही.’

मी तिथंच कप विसळत उभी होते, फोन स्पीकरवर. शब्द न् शब्द ऐकला. मध्ये बोलले का? नाही. दुसऱ्याच्या फोनमध्ये तोंड घालणं असभ्य, शिवाय… खरं सांगते, मला वाटलं, किती सभ्य उत्तरं देतोय.

आठवड्यानं ते पत्र. अभिनंदन, आपली प्रकृती सुधारली आहे, सबब एक तारखेपासून मदत बंद. ‘हाल्व्होर, तू चालतोस असं सांगितलंस?’ ‘फारसं नाही म्हणालो, ताई.’

होदान बंद. बंदरवाल्यांनी निरोप दिला, महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो. म्हणजे बघा, होदान नाही तर उठणं नाही, उठणं नाही तर काम नाही, आणि काम नाही तर काम करणाऱ्याची योजना तरी कुठली? तक्रार नाही माझी, नुसतं सांगते. एका मंगळवारी मीच ते यंत्र चालवलं. पलंग आणि खुर्ची यांच्या मधोमध ते अडलं ते अडलंच, आणि हा चाळीस मिनिटं झोळीत लोंबकळतोय, आणि वरून मला म्हणतो काय, ‘ताई, तुझी कॉफी गार होईल.’

आम्ही अपील केलं, आणि सुनावणीच्या आधी मी त्याला शिकवायला बसले. चाळीस वर्षं तिसरीचे वर्ग घेतलेत मी. ‘आज कसे आहात?’ ‘बरा आहे.’ ‘चूक. पुन्हा.’ ‘तसा बरा आहे.’ ‘चूक.’ आणि दाराशी आई, ‘सोल्वेग, हे काय शिकवते आहेस भावाला?’ मी मागे वळून पाहिलं नाही. धीर झाला नाही.

सुनावणीही फोनवरच. न्यायाधीशबाईंनी विचारलं, ‘कसे आहात, मिस्टर न्यूगार्ड?’ ‘ठीक.’ मी डोळे मिटून घेतले. ‘सकाळी उठता कसे?’

हाल्व्होर म्हणाला, ‘उठत नाही, बाई. कोणीतरी उठवतं. एका मंगळवारी बहिणीनं प्रयत्न केला. मी हवेत लटकत होतो आणि ती खाली रडत होती. तिला वाटलं, मला दिसत नाही.’

मला खरंच तसं वाटलं होतं.

सोमवारपासून होदान सुरू. हाल्व्होर पुन्हा जहाजं मोजतोय. पण तुम्हाला सांगते, नऊ वर्षांचा जो साठा आत होता तो आता बाहेर यायला लागलाय. कांबळं टोचतं. कॉफी पाणचट. मी भजनं फार संथ म्हणते. दार लहानपणापासून आपटते. मी हूं की चूं करत नाही. मार्चमध्ये पुन्हा फोन यायचाच आहे. काल म्हणाला, ‘ताई, सूप अळणी आहे.’ अळणी नव्हतं. पण मी चमचा खाली ठेवला आणि म्हटलं, ‘छान. आता हेच जरा मोठ्यानं म्हण.’