डोमेन नवलच्या नावावर

हॅलो? … हो, ज्योत्स्नाच, वेबसाइटवाली, जळगावहून. आपण? … अगंबाई, दलिचंदशेठ! चोपड्याहून, स्वतः! … नाही हो, टोमणा कसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा आवाज ऐकतेय, म्हणून विचारलं.

काय झालं? … वेबसाइट उघडत नाही. … मेलही बंद. … दुबईच्या पार्टीचा मेल परत गेला? अरेरे! … शेठ, ओरडू नका, फोन कानालाच आहे माझ्या.

मी कळवलं नाही? चार मेल केले, सहा मेसेज केले, पेढीवर येऊन चिठ्ठी ठेवली! … मेसेज दिसला नाही? मग त्यावर अंगठा कुणी दाखवला? … वर दुसऱ्या दिवशी गुलाबाचं फूल, ‘सुप्रभात’ लिहून.

नाही, मी नाही बंद केली. डोमेनची मुदत संपली. … डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव हो, केळीच्या खोक्यांवर छापलंय ते. … किती छापलीत? वीस हजार! … मग ऐका. आज सहापर्यंत मुदत वाढवली नाही, तर नाव हातचं जाईल. उद्या कुणी घेऊन त्यावर रमीचा डाव मांडला, तर तुमची केळी त्याची जाहिरात करत दुबईला जातील.

मी नाही वाढवू शकत. … पैशांचं नाही हो! … अहो, ऐका ना. नाव तुमचं नाहीच. … हो, छापलंय तुम्ही. पण सातबारा नवलच्या नावावर आहे. … कोण नवल काय? तुमचाच, सात वर्षं पेढीवर कॉम्प्युटर सांभाळणारा. तुम्हीच त्याला म्हणालात, ‘तुझ्या नावानं टाक, मला कटकट नको.’ … मी मागच्या वर्षी बदलायचा फॉर्म पाठवला होता. … हो, त्यालाही अंगठा.

पोलिसांत? कशासाठी? … काय चोरलं त्यानं? शेठ, ज्यांच्यापायी त्याला चोर ठरवलंत, ते केळी भरायचे चाळीस कॅरेट तुमच्याच रावेरच्या गोदामात सापडले ना? … मग त्याला कळवलंत? … राहून गेलं. दीड वर्ष राहून गेलं!

बोलले मी त्याच्याशी, सकाळीच. नरडाण्याला कंपनीत लागलाय, आज सुट्टी, घरी आहे. … काही मागत नाही हो. म्हणाला, शेठनी सगळ्या पेढीसमोर चोर म्हटलं, आता त्याच तोंडानं ‘चोर नाही’ म्हणावं. लगेच मुदतवाढीचा ओटीपी देतो, तो त्याच्याच मोबाइलवर येतो. … तुमच्या वतीनं मी बोलू? चोर मी म्हटलं होतं का? … बघा बाई तुम्ही. पाच वाजून पस्तीस झालेत. … काय? … घेऊ ना नक्की? थांबा, याच कॉलवर घेते त्याला.

नवलभाऊ? मी ज्योत्स्ना. शेठ लाईनवर शेतस. … हो, खरंच आहेत. शेठ, बोला.

…

तब्येत नंतर विचारा, शेठ.

…

‘गैरसमज झाला’ म्हणजे? कुणाचा झाला, तेही सांगा.

…

…

नवलभाऊ? ऐकलंत? … हं. ओटीपी आला? … सांगा. चार… एक… एक… नऊ… शून्य… शेवटचा सहा? … एक मिनिट, फिरतंय अजून. … झालं! वर्षभराची मुदत वाढली. मालकी बदलायचा अर्जही टाकते, तुम्ही फक्त होकार द्या.

शेठ, उद्या एक मेल येईल. तो उघडा. अंगठा नको, उघ— हॅलो? शेठ? … गेले. आभारबिभार काही नाही.

नवलभाऊ, आहात तुम्ही? … हो. … हो हो, मीही ऐकलं. ‘तू चोर नव्हतास, चूक माझी होती.’ असंच म्हणाले, अगदी याच शब्दांत. … आई शेजारीच आहेत? … तुमचं खरं वाटत नाही त्यांना? … द्या, त्यांच्याकडे द्या फोन. मी सांगते.

… नमस्कार, अक्का.