कानाला खडा

नाही नाही, हात खाली ठेवा साहेब, आणि बोलू नका — वस्तरा ओठापाशी आहे. तुम्हाला काय हवंय ते मला कळतं. माणूस खुर्चीत बसून मान कशी टेकवतो, त्यावरून ओळखतो मी — ह्याला गप्पा हव्यात, ह्याला झोप हवीय, हा घरी भांडून आलाय. तुम्ही भांडून आलेले नाही, पण घाईत आहात — बरोबर ना? मान हलवू नका. तर काय सांगत होतो — हां, मुलीचं. आज फोन करणार आहे ती. म्हणून तर तो बघा, पावडरीच्या डब्याला टेकवून ठेवलाय. इतके महिने सगळं आईशीच बोलायची. मी घेतला की 'बाबा, बरे आहात ना' आणि संपलं. काल आईकडे निरोप दिला — उद्या दुपारी दुकानात फोन करते, महत्त्वाचं सांगायचंय, पण बाबांनी फक्त ऐकायचं, मध्ये बोलले तर ठेवून देईन आणि परत करणार नाही. बापाला असं कोणी सांगतं का? पण सांगितलं तिनं — आणि चूक तिची नाही, माझी. मान्य करतो ना मी! मागे घरी आली होती, दारातच म्हणाली, 'बाबा, ते नोकरीचं—' झालं, मी सुरू. कंटाळा सगळ्यांनाच येतो, मी काय हौसेनं दाढ्या करतो — तुम्हाला नाही हो म्हणालो — टिकून राहा, वरच्या साहेबांशी जुळवून घे… चहा गार झाला तिचा. बढती मिळाली होती तिला, साहेब. ती गेल्यावर आईनं सांगितलं मला.

धंद्यातही तेच. पलीकडच्या गल्लीतले पोस्टमास्तर — 'मागून जरा—' एवढं बोलले, आणि मी मशीन फिरवलं. त्यांना म्हणायचं होतं, मागून जरा राहू द्या. आता समोरच्या दुकानात बसतात, मुद्दाम माझ्याकडे पाठ करून — वाढलेत हो छान मागून. तेव्हापासून कानाला खडा लावला. आरशावर कागदच चिकटवला, ठळक अक्षरात — 'आधी ऐका'. काय, दिसत नाही? अहो, त्या टॉवेलामागे आहे. टॉवेल वाळायला दुसरी जागा कुठंय इथं? पण मला पाठ आहे तो. पुन्हा हात! कापेल हो साहेब. झालंच, डावी बाजू तेवढी राहिली.

वाजला. वाजला! हाताला साबण — स्पीकरवरच घेतो, तुम्ही काय परके नाही. हं बाळा, बोल! मी एक अक्षर बोलणार नाही. अगदी निवांत बोल, आईला विचार हवं तर, सकाळपासून मी — हो. हो, गप्प. — घर? घर काय? रागाच्या भरात घर सोडू नकोस हं, सांगून ठेवतो, जावईबापू तापट असतील, पण मनानं — हॅलो? बाळा? हॅलो?

ठेवला.

तुम्ही ऐकलंत ना? 'बाबा, मी घर—' एवढंच ना? पुढे काही होतं का हो? घर घेतेय? सोडतेय? का घरी येतेय — आपल्याकडे? थांबा, लावून बघतो… बंद. बंदच करून टाकला. बजावलं होतं तिनं, आधीच बजावलं होतं. आणि मला कळत नाही असं नाही हो, सगळं कळतं. ती तोंड उघडते आणि मला वाटतं — आता काहीतरी वाईट सांगणार. मग मीच बोलत सुटतो. मी बोलत असलो की ऐकावं लागत नाही. ह्याला काय करायचं, सांगा? वस्तरा धरायला शिकलो, कात्री शिकलो, हे काही केल्या जमत नाही.

थांबा, चेहरा पुसून देतो, फेस सुकला तुमचा. टॉवेल — हा घ्या. … हां, तोच तो कागद. नका वाचू.

काय? बोला ना. आता वस्तरा नाही हातात. ओठावर काय दाखवताय? … मिशी? मिशी ठेवायची होती?

मघापासून हेच सांगत होतात?

डावीकडची आहे अजून. तिचं काय करू? नाही — मी नाही बोलत. तुम्ही सांगा.